जुलैत विसापूर? आधी उतरणीचं बोलू

माझं वय ५३, चिंचवडला राहते. रोज सकाळी बागेत पाऊण तास चालते. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, गुडघे अजून तरी कुरकुरत नाहीत. माझी मुलगी आणि तिच्या ऑफिसातली सात-आठ मुलंमुली जुलैतल्या एका रविवारी विसापूरला जाणार आहेत आणि मलाही चल म्हणतायत. कॉलेजात असताना शिवनेरी आणि सिंहगड केले होते, तेही कोरड्या दिवसांत. पावसात डोंगरावर कधी गेले नाही. मागच्या वर्षी सोसायटीच्या ओल्या जिन्यावर पाय सटकला. हाडाला काही झालं नाही, पण तेव्हापासून ओली फरशी दिसली की पाय आखडतात. यजमान म्हणतात, या वयात कशाला नसते उद्योग. मला मात्र मनापासून जायचंय. फक्त तरण्या पोरांच्या गळ्यात लोढणं व्हायचं नाही. काय करू?
– एक वाचक, चिंचवड

ताई,

जा. वय आड येत नाही. पण पावसातला पहिला गड विसापूर नको, आणि जुलैतला रविवार तर नकोच. मधल्या वारी सुट्टी काढून मुलीबरोबर लोहगडाला जा. विसापूर सप्टेंबरअखेरीस करा. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, गवत उभं असतं आणि सोनकीनं पठार पिवळं झालेलं असतं.

दोन्ही गड शेजारी आहेत, मध्ये फक्त गायमुख खिंड. मळवली स्टेशनला उतरून भाजे गावातून चढत गेलं की खिंडीत एका हाताला लोहगड, दुसऱ्या हाताला विसापूर. उंचीत फार फरक नाही, विसापूर थोडा उंच आणि पसरलेला. फरक आहे तो वाटेत. लोहगडाला लोहगडवाडीतून बांधीव पायऱ्या आहेत, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत त्या वर नेतात. विसापूरचे दरवाजे इंग्रजांनी १८१८ मध्ये गड घेतल्यावर पाडून टाकले. आज पावसाळ्यात मुलं ज्या वाटेनं हौसेनं चढतात, ती दगडधोंड्यांमधून, ओढ्याच्या पात्रातून जाते. पाऊस लागला की वाट आणि धबधबा एकच. मुलांना तेच हवं असतं, आणि त्यात खरोखर आनंद आहे, ते मी नाकारत नाही.

तिथं चढताना तुम्हाला फारसा त्रास होणार नाही. तोंड डोंगराकडे असतं, हात टेकायला दगड समोरच असतो, पाय कुठे ठेवायचा ते दिसतं. उतरताना सगळं उलटं होतं. पाणी मागून पोटऱ्यांना ढकलतं, फेसाखाली दगड दिसत नाही, मांड्या दमलेल्या असतात आणि वरून माणसांची रांग येत असते. पावसाळ्यात घसरून झालेल्या दुखापती ऐका, त्यातल्या बऱ्याच परतीच्या वाटेवरच्या असतात. म्हणून पावसातल्या प्रत्येक ट्रेकचा विचार उतरणीपासून सुरू करायचा. ज्या वाटेनं भिजलेल्या, दमलेल्या अवस्थेत निवांत उतरता येईल, तेवढीच वाट चढायची.

आता तुमच्या आखडणाऱ्या पायांबद्दल. त्यावर काम करता येतं. भीती वाटली की माणूस नकळत मागे झुकतो, गुडघे ताठ करतो आणि टाच आधी टेकवतो. नेमकं तेच घसरवतं. वजन मागे गेलं की तळवा पुढे सरकतो. उतरताना गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, आणि अख्खा तळवा एकदम टेकलेला, एवढं अंगवळणी पडलं की निम्मी लढाई जिंकली. अजून महिनाभर हाताशी आहे ना? आठवड्यातून चार दिवस सोसायटीचा जिना वीस-पंचवीस मिनिटं चढा-उतरा, पाठीला दोन-तीन किलोची सॅक लावून. लिफ्टनं वर जाऊन नुसतं उतरलात तरी चालेल, कारण तयारी मांड्यांची करायची आहे आणि त्या दमतात उतरताना. बागेतला रपेटीचा पाऊण तास चांगला आहे, पण सपाटीवरच्या चालण्यानं उतरणीचे स्नायू तयार होत नाहीत. आणि पहिला पाऊस पडला की ट्रेकचे बूट घालून त्याच बागेत चाला. आधी कठड्याला धरून ओल्या फरशीवर, मग गवतावर, मग चिखलात. बूट कुठे धरतो आणि कुठे सोडतो हे तुमच्या पायाला घरीच कळू दे.

बूट हा एकच खर्च मी आग्रहानं करायला सांगते. रोजच्या चालायचे स्पोर्ट्‌स शूज सपाट तळाचे असतात, ते ओल्या कातळावर निरुपयोगी. सँडल, फ्लोटर, क्रॉक्स घालून गडावर येणारे पुष्कळ दिसतील, त्यांचं बघू नका. खोल खाचांचा, मऊ रबराचा तळ हवा. अ‍ॅक्शनचे साधे ट्रेकिंगचे बूट घालून सह्याद्रीत पिढ्या फिरल्या आहेत, महागड्या बुटांची गरज नाही. अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर उतरताना अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटून काळंनिळं होतं. नखं आदल्या दिवशी कापा. कपाटात पाच-सहा वर्षं पडून असलेला जोड असेल तर तो नको. रबर कडक झालेलं असतं आणि डिंक सुटलेला असतो, पाण्यात तासभर चाललं की तळ सुटून लोंबतो. हे पावसाळ्यात इतकं सर्रास होतं की सॅकमध्ये दोन हात नायलॉनची दोरी ठेवायचीच. तळ सुटला तर बुटाला करकचून बांधून घरी येता येतं.

पाय कुठे टाकायचा हे बघायला शिका. आपला सह्याद्री बेसाल्टचा, काळा कातळ. कोरडा असतो तेव्हा बूट त्याला चिकटून बसतो. पावसाळा स्थिरावला की त्यावर शेवाळ धरतं. हिरवंगार, जाड शेवाळ दिसतं तरी. काळपट, तेलकट चकाकणारा पातळ थर सगळ्यात वाईट, कारण तो नुसता ओला दगड वाटतो. जिथं पाणी सतत झिरपतं आणि ऊन पोचत नाही, तिथं तो हमखास असतो: दरवाजांच्या कमानीखाली, तटाच्या सावलीत, पायरीच्या आतल्या कोपऱ्यात. वाहत्या पाण्याच्या मधोमधचा खडबडीत दगड पुष्कळदा काठच्या दगडापेक्षा बरा असतो. खरखरीत, टोकेरी, खडी पसरलेली जागा निवडा. लाल मातीचा पातळ थर कातळावर बसला असेल तर तो साबणासारखा, तिथं थेट न उतरता कडेच्या गवतावरून या. झाडांची उघडी मुळं टाळा, त्यांच्यावर आडवा पाय पडला की गेलाच. लोहगडाच्या पायऱ्या वर्षानुवर्षांच्या वापरानं मध्यभागी गुळगुळीत झाल्यात, म्हणून कडेनं, तटाच्या बाजूनं चाला.

हात मोकळे हवेत. एका हातात काठी, दुसरा रिकामा. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, फोटो काढायचा तर आधी थांबायचं. काठी गावातली बांबूची घेतलीत तरी पुरे, फक्त उतरताना थोडी लांब धरा, म्हणजे पुढच्या खालच्या पायरीवर टेकेल. जिथं उतार अंगावर येईल तिथं डोंगराकडे तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरा. त्याहून अवघड वाटलं तर सरळ बसा आणि बसून सरका. पँट मळेल, मळू दे. मुलं हसतील असं वाटत असेल तर बघाल, दोन मिनिटांत तीही बसूनच येतील. गवत आणि बारकी झुडपं धरून तोल सावरू नका, ती मुळासकट हातात येतात. फांदी धरायची तर आधी नीट बघून, कारण या रानात चापडा नावाचा हिरवा विषारी साप पावसाळ्यात फांद्यांवर, वेलींत तासन्‌तास निश्चल बसतो आणि पानांत मिसळून जातो. तो स्वतःहून अंगावर येत नाही, मात्र त्याच्यावर हात पडता कामा नये.

छत्री घरी ठेवा. खिंडीत वारा असा असतो की छत्री उलटी होते आणि तिच्या नादात तोल जातो. पायघोळ पोंचोही नको, त्याच्या घोळात स्वतःची पावलं दिसत नाहीत. कमरेपर्यंतचा विंडचीटर, आणि तुम्ही भिजणार हे धरूनच चाला. जीन्स आणि सुती सलवार भिजली की जड होते, पायाला चिकटते आणि अंगातली ऊब ओढून घेते. पॉलिस्टरची साधी ट्रॅक पँट उत्तम. जुलैत गडावर थंडी वाजते याचा पुण्यातून निघताना अंदाज येत नाही. ओलं अंग, वरून वारा, आणि आपण दहा मिनिटं एका जागी उभे, एवढ्यानं दात वाजायला लागतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि एक कानटोपी पिशवीत गच्च बांधून न्या. कोणाची थरथर थांबेनाशी झाली, बोलणं अडखळायला लागलं, तर वर जायचा विचार सोडून द्यायचा. आडोशाला नेऊन ओले कपडे बदलायचे, गोड आणि गरम काहीतरी पाजायचं आणि जमेल तसं खाली यायचं.

एक गोष्ट बायका पत्रात लिहीत नाहीत, म्हणून मीच काढते. वाटेत कुठे जाणार, या काळजीनं आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. मग उतरताना पोटरीत गोळे येतात, डोकं दुखतं, चक्कर येते, आणि खापर वयावर फोडलं जातं. तुम्हाला तर रक्तदाबाची गोळी आहे. ती पावसाळी ट्रेकच्या दिवशी कशी घ्यायची हे आणि एकूण जाण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. पाणी मात्र पीत राहा. लोहगडवाडीत खानावळी आणि घरं आहेत. चढण्याआधी आणि उतरल्यावर तिथं विचारून सोय होते, त्याचे पैसे आवर्जून द्या. पिठलं-भाकरीची ऑर्डर जातानाच देऊन ठेवली की परतल्यावर गरम ताट मिळतं. सोबत राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, दशमी असं कोरडं आणि पटकन तोंडात टाकता येईल असं ठेवा.

आता पाणी, आणि इथं मी जरा थांबणार आहे, कारण घसरून माणूस बहुधा हात मोडतो, वाहत्या पाण्यात जीव जातो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ज्या दगडांवर माणसं आधी आरामात उभी होती, तिथं पाण्याचा लोंढा पाहता पाहता वाढला. असं का होतं ते समजून घ्या. घाटमाथ्यावर उतार तीव्र आणि कातळावर मातीचा थर पातळ. जोराची सर आली की पाणी जमिनीत मुरायला जागाच नसते, सगळं ओढ्यांकडे धावतं. सर तुमच्या डोक्यावर पडायलाही हवी असं नाही, वरच्या पठारावर पडली की पुरे. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत आलेला असतो.

पाणी एकदम गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज खोल झाला, किंवा आत दगड गडगडल्याचं ऐकू आलं, तर त्या क्षणी काठावर या. फोटो अर्धवट राहिला तरी चालेल. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी ओलांडायचं नाही, कितीही मुलं हाताची साखळी करायला तयार असली तरी. त्याऐवजी थांबायचं. जे पाणी झपाट्यानं चढतं ते झपाट्यानं उतरतंही, सर ओसरल्यावर तास-दोन तासांत लहान ओढा बहुतेकदा पुन्हा ओलांडण्याजोगा होतो. हा थांबायचा वेळ हातात असावा म्हणूनच दिवस लवकर सुरू करायचा. सकाळच्या लोकलनं मळवली, आणि दुपारी एक वाजता जिथं असाल तिथून परत. महादरवाजा दहा मिनिटांवर दिसत असला तरी परत.

अंदाज बघताना पुणे शहराचा बघू नका. हवामान खातं पुण्याच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, तो बघा. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस होतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. चिंचवडला भुरभुर असते तेव्हा खिंडीत समोरचा माणूस दिसत नाही. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस. घाटाला नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर तिकीट काढलेलं असलं तरी जायचं नाही. सलग दोन-तीन दिवस धो धो कोसळल्यावर चौथ्या दिवशी उघडीप मिळाली, तरी त्या दिवशीही नको. डोंगर तेव्हा पाण्यानं फुगलेला असतो. माळीण गाव २०१४ मध्ये जुलैत दरडीखाली गेलं, इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी २०२३ मध्ये जुलैत गेली. ज्या भाजे गावातून तुम्ही चढणार, तिथंही १९८९ च्या जुलैत दरड कोसळली होती. शिवाय पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि गडांच्या परिसरात वेळोवेळी बंदीचे आदेश काढतं, ते निघायच्या आदल्या संध्याकाळी तपासा.

रविवार का नको, तेही सांगते. जुलै २०२३ मध्ये एका रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर इतकी गर्दी झाली की माणसं तासन्‌तास जागच्या जागी अडकून पडली. ओल्या पायरीवर मागून धक्के येत असताना छोटी पावलं आणि अख्खा तळवा हे सगळं शिकलेलं विसरायला होतं. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा दुर्गांना युनेस्कोचा जागतिक वारशाचा मान मिळाला, लोहगड त्यातला एक. तेव्हापासून लोकांचा ओढा वाढलाच आहे. गडावर पोचलात की विंचूकाटा, म्हणजे गडाची लांबलचक सोंड, वरूनच बघा. तिथं जायला एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो, तो आत्ता नको. धुकं असेल तर कड्यापासून चांगलं लांब राहा. धुक्यात कड्याची कड गवतानं झाकलेली असते आणि वाऱ्याचा झोत अचानक येतो.

लोढणं होण्याची भीती तुम्ही शेवटी लिहिलीत, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंत. डोंगरातला नियम असा की सगळ्यात हळू चालणारा माणूस रांगेत दुसरा ठेवायचा. वाट दाखवणारा पुढे, त्याच्यामागे तुम्ही, आणि सगळ्यात शेवटी एक अनुभवी गडी, ज्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. मग सगळ्यांची चाल आपोआप तुमच्या चालीची होते. हळू माणूस शेवटी टाकला की तो कायम धापा टाकत गाठत राहतो, त्याला विश्रांती मिळतच नाही, आणि पाय चुकतो तो तेव्हाच. दुसऱ्या नंबरवर चालणाऱ्या तुमच्यामुळे त्या सात-आठांतला असा एखादा, जो दमलाय पण बोलत नाही, तोही सुखरूप खाली येईल. असा एक जण प्रत्येक गटात असतोच.

मुलीशी मात्र आजच बोला, मळवलीच्या फलाटावर नाही. ही वाट, ही वेळ, घाटाला नारिंगी इशारा असेल तर रद्द, एक वाजता परत, आणि मी म्हटलं थांबू या तर कारण न विचारता थांबायचं. एवढं तिला कबूल असेल तर तिच्याबरोबर निर्धास्त जा. तिच्या गटाला विसापूरच करायचा असेल तर त्यांना रविवारी खुशाल जाऊ दे, तुमची दोघींची लोहगडाची बुधवारची सहल वेगळी. आणि एकदा तिलाही हे पत्र वाचायला द्या. पाण्याबद्दलचा मजकूर तिच्या मित्रमैत्रिणींसाठीही तितकाच आहे.

राहिले यजमान. त्यांच्याशी वयावरून वाद घालू नका, त्यांना काम द्या. निघताना कागदावर लिहून त्यांच्या हातात ठेवा: कुठल्या वाटेनं जाणार, बरोबर कोण, त्यांचे फोन नंबर, गाडी किंवा लोकल कुठली. गडावर रेंज येते-जाते, म्हणून लोहगडवाडीत परत उतरल्यावर फोन करायचा, चार वाजेपर्यंत. सहापर्यंत फोन आला नाही आणि कुणाचाच लागला नाही, तर त्यांनी ११२ ला कळवायचं. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची मुलं रात्री-अपरात्री, भर पावसात शोधायला बाहेर पडतात. त्यांना नेमकी वाट आणि निघाल्याची वेळ कळली तर शोध पुष्कळ सोपा होतो, आणि ती माहिती त्या दिवशी फक्त तुमच्या यजमानांकडे असेल.